गाडी सुटली, पेशंट दगावला, योग्य पर्याय निवडा

मी बँकेत कारकून आहे. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो. कारण पुढे इंग्रजी व्याकरणाविषयी मी जे बोलणार आहे ते वाचून 'हा कोण लागून गेला?' असं तुम्ही म्हणणारच. तर मी कोणीही लागून गेलेलो नाही. बी. कॉम. आहे, तेही सेकंड क्लास. लागलो तो फक्त बँकेत, 2008 साली. हल्ली आमच्या पदाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव वाढलं, खुर्ची तीच आहे आणि तिचा डावा हात पूर्वीइतकाच डुगडुगतो. त्या खुर्चीत बसून इतकी वर्षं मी लोकांच्या चुका शोधतोय. चेकवर गेल्या वर्षीची तारीख, सहीतला हरवलेला लपेटा, आकड्यात 14 आणि अक्षरी चाळीस. चूक काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. तेव्हा 'खालील वाक्यातील चूक ओळखा' या प्रकाराबद्दल बोलायचा थोडाफार अधिकार मला पोचतो, असं माझं नम्र मत आहे. आमच्या सौ.च्या मते पोचत नाही. कारण ऑफिसरच्या प्रमोशनच्या परीक्षेला मी दोनदा बसलो आणि दोनदा उठलो, ते या इंग्रजीपायीच.

पण आज गाऱ्हाणं माझं नाही. माझं वय झालं, आता प्रमोशन मिळालं तर बदलीच्या धास्तीनं झोप उडेल. गाऱ्हाणं माझ्या भाचीचं आहे.

ही आमची भाची गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे राहते. मराठी शाळेत शिकली, बी. कॉम. झाली, (माझ्यापेक्षा एक क्लास वरचा) आणि बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला बसते. आकडेमोडीत अशी, की मी कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत ती उत्तर सांगून चहा ठेवायला गेलेली असते. गेल्या खेपेला गणितात उत्तम, बुद्धिमापनात उत्तम आणि इंग्रजीत गचका. परीक्षेची घडण अशी आहे, की एकूण 100 प्रश्न, एक तास. त्यात इंग्रजीचे 30 प्रश्न, 20 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला चाळीस सेकंद. चाळीस सेकंदांत माझ्या कौंटरवरच्या मावशींची पिशवीसुद्धा उघडत नाही, आत पासबुक सापडणं दूरच. चुकलं की पाव मार्क कापतात. आणि प्रत्येक विषयाचा उंबरठा वेगळा. गणितातली उडी इंग्रजीच्या उंबरठ्यावर उपयोगी पडत नाही. भाची तिथं ठेच लागून पडली. किती मार्कांनी पडली हे ती सांगत नाही, आणि मीही विचारत नाही. आमच्या घराण्यात तेवढी सभ्यता आहे.

त्यामुळे आता रोज रात्री जेवणं झाली, की ती पुस्तक घेऊन येते आणि म्हणते, "मामा, यातलं कुठलं वाक्य बरोबर?"

वाचकहो, तुम्ही ते पुस्तक उघडून पाहा. त्यातली दुनिया पाहून माणसाचा आयुष्यावरचा विश्वास उडेल. तिथं गाडी कधीच मिळत नाही. 'नो सूनर हॅड आय रीच्ड द स्टेशन दॅन द ट्रेन लेफ्ट.' 'हार्डली हॅड वी रीच्ड द स्टेशन व्हेन द ट्रेन स्टार्टेड.' शंभर वर्षं ही माणसं स्टेशनवर धापा टाकत पोचतायत आणि शंभर वर्षं गाडी त्यांच्या तोंडावर सुटतेय. पण घरातून दहा मिनिटं आधी निघावं हे एकालाही सुचत नाही. सुचलं तर 'नो सूनर' उपाशी मरेल. तिथला डॉक्टर तर फारच पोचलेला. तो पोचतो तेव्हा पेशंट दगावलेला असतोच. 'द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.' पास्ट परफेक्ट टेन्स मुलांना कळावा म्हणून आजवर किती पेशंटांनी प्राण सोडले असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पोलीस येतात तेव्हा चोर पळालेला असतो, पाऊस पडून गेल्यावर छत्री सापडते, आणि एक गृहस्थ सारखे म्हणत असतात, की मी राजा असतो तर! 'इफ आय वेअर अ किंग.' आमच्या शाखेत एवढ्या बेफिकीर माणसाला पाचशेचं ओव्हरड्राफ्टसुद्धा मिळालं नसतं.

बरं, हे सगळं लक्षात ठेवून तरी भागतं का? नाही. 'नो सूनर'ला 'दॅन' लागतो, 'हार्डली'ला 'व्हेन' लागतो. आमच्याकडे कुठल्या देवाला तुळस आणि कुठल्याला बेल लागतो तसं. पहिल्याला दुसऱ्याचं वाहिलंत की पाव मार्क दक्षिणा. 'लेस्ट' म्हणून एक शब्द आहे. 'अमुक होऊ नये म्हणून' या अर्थाचा. कौंटरवर इतकी वर्षं झाली, मला तो कुणी तोंडानं उच्चारलेला आठवत नाही. पण परीक्षेत तो येणार म्हणजे येणार, आणि त्याच्यामागे 'शुड' हवाच. 'वर्क हार्ड लेस्ट यू शुड फेल.' आता गंमत अशी, की खुद्द इंग्रजांच्या लिखाणात 'शुड'शिवाय मोकळा फिरणारा 'लेस्ट' पानोपानी भेटतो आणि कोणी त्याला अडवत नाही. पण आपल्या क्लासच्या पुस्तकात मात्र 'शुड' बरोबर नसेल तर 'लेस्ट'ला आत सोडत नाहीत.

हे नियम आले कुठून? आपल्याकडे इंग्रजी व्याकरणाची पोथी म्हणजे रेन आणि मार्टिन. पुस्तक 1930 नंतरच्या दशकातलं. अजूनही स्टेशनरीच्या दुकानात उदबत्तीशेजारी विकायला असतं. यातले रेनसाहेब मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात होते, आणि पुढे त्यांनी फ्रेंच पलटणीतल्या शिपायांच्या वाळवंटी साहसकथा लिहून नाव काढलं. 'बो जेस्त' ही त्यांची गाजलेली कादंबरी 1924 सालची. माणूस रंगेल असणार. पण त्यांचं साहस साहेबांच्या पोरांच्या वाट्याला गेलं आणि व्याकरण आमच्या. मी रेनसाहेबांना दोष देत नाही. त्यांनी शिकवायला पुस्तक लिहिलं होतं. त्याचा टोलनाका आपण केला.

इंग्रजांचं म्हणाल, तर त्यांनी आपले जुने नियम कधीच माळ्यावर टाकले. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये हे आमच्या गुरुजींनी छडीच्या साक्षीनं शिकवलं होतं. फाउलर नावाच्या इंग्रज पंडितानं 1926 सालीच आपल्या कोशात या समजुतीची गणना अंधश्रद्धेत केली. म्हणजे माझ्या तळहातावर छडी बसली, तेव्हा तो नियम रद्द होऊन साठ-पासष्ट वर्षं झाली होती. सर्क्युलर उशिरा पोचणं हे फक्त आमच्या बँकेतच होतं असं नाही.

दुसरं घ्या. 'एव्हरी क्लार्क मस्ट साइन ___ नेम.' गाळलेली जागा भरा. उत्तर 'हिज'. भाचीनं 'देअर' भरलं आणि पाव मार्काला मुकली. मी तिला विचारलं, "का गं?" ती म्हणाली, "मामा, क्लार्क बाई असेल तर?" आमच्या शाखेत आम्ही पाच क्लार्क, त्यातल्या तिघी बायका. म्हणजे बहुमतानं उत्तर 'हर' यायला हवं होतं. वास्तविक, एकट्या माणसासाठी 'दे' आणि 'देअर' वापरायची रीत इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. आणि मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशानं 2019 साली असल्या 'दे'ला वर्षाचा शब्द म्हणून मानसुद्धा दिला. लंडनला चालतं, न्यूयॉर्कला चालतं, फक्त माढा तालुक्यातल्या मुलीनं लिहिलं की चूक!

आमचे हेड कॅशियर म्हणतात, "मग काय, इंग्रजी नकोच म्हणता?" असं मी कुठं म्हणालो? चेक मुंबईला वटतो, सर्क्युलर इंग्रजीत येतं, कॉम्प्युटर इंग्रजीत रुसतो. इंग्रजी हवंच. आणि त्यात शब्दांची मांडणी बरोबर हवी, हेही मी मान्य करतो, कारण तिथं खरोखर मांडणीवर सगळं अवलंबून आहे. आपलं मराठी बघा. 'कुत्रा माणसाला चावला' म्हणा, 'माणसाला कुत्रा चावला' म्हणा, 'चावला हो, कुत्रा माणसाला' म्हणा. इंजेक्शनं माणसालाच घ्यावी लागतात. तो एक 'ला' आहे ना, तो विभक्तीचा प्रत्यय चिकटला की शब्द कुठंही बसवा, हरवत नाही. इंग्रजीनं आपले असले बहुतेक प्रत्यय काही शतकांपूर्वीच गमावले. त्यामुळे तिथं शब्दाची जागा हीच त्याची ओळख. 'डॉग' आणि 'मॅन' यांच्या जागांची अदलाबदल केलीत, की माणूस कुत्र्याला चावलाच. तेव्हा हे विचारा ना! चावलं कोण, पैसे दिले कुणी आणि घेतले कुणी, एवढं ज्याला इंग्रजीत सरळ सांगता येतं तो पास. पण नाही. विचारायचं काय, तर 'नो सूनर'नंतर गाडी सुटली की नाही.

जागेवरून आठवलं. परीक्षकांचा दुसरा लाडका शब्द 'ओन्ली'. तो वाक्यात कुठं बसवावा यावर दरवर्षी एक तरी प्रश्न. 'आय ओन्ली हॅव टेन रुपीज' की 'आय हॅव ओन्ली टेन रुपीज'? बँकेतल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. बँकेत 'ओन्ली'ची जागा कायम : रुपीज टेन थाउजंड ओन्ली, आणि पुढे आडवी रेघ, म्हणजे मागाहून कुणाला शून्य जोडता येणार नाही. मी पाहिलेला सगळ्यात कामसू 'ओन्ली' तो. दुसरा एक 'ओन्ली' आपण भारतीयांनी घडवला. 'आज'ला 'च' लावतो तसा 'टुडे ओन्ली'. परीक्षेत तो हमखास चूक. त्याच्याविषयी पुढे सांगायचं आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. या परीक्षेत पहिले येणारे पुढे काय लिहितात?

मागच्या थंडीत एके दिवशी शाखेचं शटर वर गेलं तेव्हा पायरीवर एक आजी बसल्या होत्या. पहिल्या एस.टी.नं आल्या होत्या. पदराच्या गाठीत पासबुक, आणि पासबुकात घडी घालून घालून पिठासारखं झालेलं एक पत्र. खात्यावर श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये जमा व्हायचे, त्यावर म्हातारीचं चालायचं. पत्र आमच्याच वरच्या ऑफिसातून गेलेलं. त्यातलं मुख्य वाक्य मी जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे : 'नॉट अनटिल द अपडेटेड केवायसी डॉक्युमेंट्स हॅव बीन सबमिटेड शॅल डेबिट ऑपरेशन्स बी परमिटेड इन द अकाउंट.'

याचा अर्थ इतकाच, की आजी, आधार कार्डाची झेरॉक्स आणि एक फोटो आणून द्या, मग पैसे काढा. पण वाक्याची सुरुवातच 'नॉट'नं! आजींच्या नातवानं, आठवीतल्या पोरानं, ते वाचलं. त्याला 'नॉट' समजलं, 'अकाउंट' समजलं. मधलं जंगल ओलांडायला त्याच्याजवळ काही नव्हतं. त्यानं सांगितलं, "आज्जे, खातं बंद झालं. पैसं गेलं." गावात आणखी दोघांना दाखवलं. त्यांनीही मान हलवली. मोठ्या माणसांना समजलं नाही असं म्हणायची लाज वाटते. तीन महिने म्हातारी बँकेकडे फिरकली नाही. सरकारनं दिलं, सरकारनं नेलं.

"मग इतके दिवस भागवलंत कसं?" मी विचारलं.

"शेळी इकली," त्या म्हणाल्या. "गाभण हुती. पडून दिली."

मी कॉम्प्युटरवर खातं उघडलं. तिन्ही महिन्यांचे पैसे जमा होते. 4500 रुपये, व्यवस्थित, ओळीनं. मी ते त्यांना सांगितलं, तेव्हा त्या आनंदल्या नाहीत. थोडा वेळ पासबुकाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग शेळी कशापायी इकली म्या?"

याचं उत्तर चार पर्यायांत नव्हतं.

समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मी स्वतः गेलो. फोटो काढून आणला, अंगठा घेतला, फॉर्म भरला. मग वरच्या ऑफिसला मेल लिहिला. तोही जसाच्या तसा देतो, हसायचं असेल तर हसून घ्या : 'सर, ओल्ड लेडी केम फ्रॉम व्हिलेज. केवायसी टेकन. शी इज सिटिंग हिअर. काइंडली रिमूव्ह फ्रीझ टुडे ओन्ली.'

परीक्षकानं याच्या चिंधड्या केल्या असत्या. 'ओल्ड लेडी'ला आर्टिकल नाही, 'टेकन'ला क्रियापद टेकवलेलं नाही, आणि शेवटी तो गावठी 'ओन्ली'. माझा तिसऱ्यांदा नापास होण्याचा हक्क त्या चार वाक्यांनी सिद्ध केला. पण पाऊण तासात उत्तर आलं : 'डन.' आजी दुपारच्या गाडीनं पैसे घेऊन परत गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुमच्या त्या मोठ्या सायबाला मराठी येत न्हाई व्हय?" मी म्हणालो, "येतं. तो सांगलीचा आहे." हे ऐकून त्या जास्तच गोंधळल्या.

त्या रात्री भाची पुस्तक घेऊन आली, तेव्हा मी ते पत्रातलं वाक्य कागदावर लिहून तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "यात चूक ओळख." पोरीनं पेन्सिल दातात धरली. 'नॉट अनटिल' पुढे आहे, म्हणून 'शॅल' कर्त्याच्या आधी आला, बरोबर. 'हॅव बीन सबमिटेड', बरोबर. चाळीस सेकंदांच्या आत तिनं मान वर केली.

"नो एरर, मामा."

आणि खरंच नव्हता. वाक्य चोख होतं. लिहिणाऱ्यानं क्लास लावला असणार आणि पैकीच्या पैकी मिळवले असणार. माझं भांडण आहे ते इथं. ज्या वाक्यापायी म्हातारीची गाभण शेळी गेली त्याला आपली परीक्षा 'नो एरर' म्हणते, आणि ज्या वाक्यांनी तिचे पैसे सुटले त्यांना चार चुका. मग ही परीक्षा मोजते तरी काय? माझ्या मते ती एवढंच मोजते, की उमेदवाराच्या गावात इंग्रजीचा क्लास आहे की नाही, आणि असला तर बापाला फी परवडते की नाही.

तुम्ही म्हणाल, सुधारणा होतायत. होतायत की. 2021 साली अर्थ मंत्रालयानं सांगितलं, की सरकारी बँकांच्या क्लार्कच्या परीक्षा इंग्रजी-हिंदीखेरीज 13 प्रादेशिक भाषांतही घ्या. फार चांगलं झालं. भाची गणित मराठीतून सोडवते. पण इंग्रजीचा उंबरठा तिथंच आहे, तेवढाच उंच. बँकेचे फॉर्म, स्लिपा, पासबुकं इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषा अशा तिन्हींत असावीत असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. तेही चांगलं. फक्त आजींच्या हातात स्लिप पडली नव्हती, पत्र पडलं होतं.

मला विचारलं (कुणी विचारत नाही, म्हणून हा लेख), तर मी 'नो सूनर', 'लेस्ट' आणि तो राजा व्हायला निघालेला गृहस्थ यांना एकत्र सेवानिवृत्त करीन. हवं तर फंड-ग्रॅच्युइटी देऊन, हार घालून. त्यांच्या जागी एकच प्रश्न ठेवीन. ग्राहकाला कागदपत्रं मागवायची आहेत, खाली चार पत्रं दिली आहेत, चारही व्याकरणशुद्ध, आठवीतल्या नातवानं वाचून आजीला सांगितल्यावर तिला नेमकं कळेल असं पत्र निवडा. चुकल्यास पाव नव्हे, अख्खा मार्क कापा. आणि पुढचा प्रश्न : तेच मराठीत लिहा. माझी खात्री आहे, माझी भाची त्यात पहिली येईल, आणि आमच्या वरच्या ऑफिसातले निम्मे लोक उंबरठ्यावर ठेच लागून पडतील. साहेबांना हे बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "अहो, पण मग स्टँडर्ड राहणार नाही." मी ऑफिसर का झालो नाही याचं कोडं मला त्या दिवशी उलगडलं.

गेल्या रविवारी भाचीची परीक्षा होती, सोलापूरला. सकाळी कुर्डुवाडी स्टेशन गाठायचं होतं. सौ.नं दही-साखर हातावर ठेवायला वेळ लावला, माझ्या स्कूटरनं फाटकाशी रुसवा धरला, आणि आम्ही दोघं धापा टाकत प्लॅटफॉर्मवर शिरलो तेव्हा गाडीची वेळ होऊन चार मिनिटं गेली होती. भाचीचा चेहरा पांढरा पडला. पुस्तकातली सगळी वाक्यं माझ्याही डोळ्यांपुढून धडधडत गेली.

प्लॅटफॉर्म रिकामा होता. मी हमालाला विचारलं, "सोलापूरची गेली का हो?"

"कुठली जातीय?" तो म्हणाला. "चाळीस मिनटं लेट हाय."

भाची बाकावर बसली, पिशवीतून पुस्तक काढलं, आणि थोड्या वेळानं म्हणाली, "मामा, आपण स्टेशनवर पोचलो आणि गाडी आलीच नाही, याला कुठला टेन्स?"

मी चहा आणायला गेलो.